मला नाही आवडत कुळीथ

गेल्या जूनमध्ये आईला एका आहारतज्ज्ञ मुलीकडे घेऊन गेले होते. हिमोग्लोबिन नऊवर उतरलेलं, मांडीच्या हाडाचं ऑपरेशन होऊन चार महिने झालेले, वजन जेमतेम सेहेचाळीस किलो. मुलगी चांगली होती, घाई न करता बोलणारी. आई उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाते ते तिने सगळं लिहून घेतलं, अगदी चहाबरोबरच्या दोन बटरांसकट. मग पेन खाली ठेवून म्हणाली, "आजी, तुम्ही कोकणातल्या ना? मग तर सोपंच आहे. कुळीथ सुरू करा. लोह, कॅल्शियम, प्रथिनं, सगळं आहे त्यात." मी मान डोलावली. घरात गावाहून आलेला किलोभर कुळीथ पडलेलाच होता. आईने चष्मा काढला, पदराने पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि अगदी सहज म्हणाली, "मला नाही आवडत कुळीथ."

मी तिच्याकडे बघतच राहिले.

माझं बालपण कुळथाच्या पिठीवर गेलंय. लांज्याच्या पुढे आमचं घर. पावसाळ्यात परसातला टाकळा आणि कुर्डू संपला, भोपळ्याची फुलं कुजली, की मग पिठी. दुपारी पिठी-भात, रात्री पिठी-भाकरी, आणि सुका बांगडा भाजलेला असला की आम्हा पोरांची चंगळ. लसूण ठेचून तेलात पडली की माजघरापर्यंत वास यायचा. त्यावर मिरची, कांदा, पाणी, दोन आमसुलं आणि मग एका हाताने पीठ भुरभुरत दुसऱ्या हाताने सारखं ढवळत राहायचं. गुठळी झाली की आजी चुलीपासून दहा हातांवर बसूनही ओळखायची, आणि "हात कुठं होता गो?" म्हणून विचारायची. उकळी फुटली की पिठीला भिजल्या मातीचा रंग यायचा, बुडबुडे फुटताना फुसफुसल्यासारखा आवाज. हे सगळं करणारे हात आईचे. आठवड्यातून चार-चार वेळा. त्या हातांना पिठीचा कंटाळा असेल, इतपत मी समजू शकले असते. पण आवडतच नाही? आणि हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, एका अनोळखी मुलीच्या टेबलासमोर कळावं?

रिक्षात मी विचारलं, "आवडत नाही म्हणजे काय? एवढी करायचीस की." ती बाहेर बघत म्हणाली, "करायची म्हणजे आवडायची असं कुठं आहे?" पुढचा सिग्नल येईपर्यंत तो विषय तिच्या दृष्टीने संपलेला होता.

माझ्या मात्र तो डोक्यातून जाईना. त्या रात्री आई झोपल्यावर मी कुळथाचा डबा काढला आणि थोडे दाणे वर्तमानपत्रावर ओतले. कुळीथ मी कधी नीट बघितलाच नव्हता. मूग कसा गोल, तकतकीत, दाखवण्यासारखा असतो. कुळीथ चपटा, अंग चोरून बसलेला. कुणी विटकरी, कुणी राखाडी, कुणी खापरीसारखा, काहींवर काळे ठिपके. मूठभर घेतला तर खडीसारखा कडक लागतो. देशावर यालाच हुलगा म्हणतात, माडगं आणि शेंगोळे करतात; इंग्रजांनी याच्या नावात घोडा जोडून ठेवला, कारण घोड्याबैलांना हा भरडून, शिजवून घालत. जनावराचं खाणं हा शिक्का त्याच्यावर आहे तो तिथूनही असेल. आमच्याकडे पाहुणे यायचे असले की पिठीचं पातेलं फळीआड जायचं, एवढं मला आठवतं.

स्वयंपाकघरातला वजनकाटा काढून मी शंभर ग्रॅम मोजले. पाऊण वाटी झाली. ह्या पाऊण वाटीत काय काय आहे ते आपल्याकडे केव्हाच मोजून ठेवलेलं आहे. १९१८ मध्ये तमिळनाडूतल्या कुन्नूरला एका खोलीत बेरीबेरीवर संशोधन सुरू झालं, त्याचीच वाढत वाढत राष्ट्रीय पोषण संस्था झाली आणि १९५८ मध्ये ती हैदराबादला आली. त्यांचे तक्ते आज कुठल्याही आहारतज्ज्ञाच्या मागे भिंतीसारखे उभे असतात. जुन्या तक्त्यात शंभर ग्रॅम कुळथात प्रथिनं बावीस ग्रॅम, चरबी अर्धाच ग्रॅम, कॅल्शियम २८७ मिलिग्रॅम, लोह पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास. तूरडाळीत कॅल्शियम आहे ७३. गायीच्या दुधातसुद्धा शंभराला १२०. २०१७ साली देशभरातून नमुने गोळा करून नवे तक्ते केले, त्यात कुळथाचं कॅल्शियम २६९ वर आलंय आणि लोह पावणेनऊच्या घरात गेलंय. जमीन बदलते, वाण बदलतं, आकडे थोडे हलतात. पण कुळीथ दोन्हीकडे डोकं वर काढून आहे. त्या मुलीचं काही चुकलं नव्हतं.

मग मी आमच्या पिठीचा हिशोब मांडायला बसले, आणि तिथे गडबड सुरू झाली.

तक्त्यातला कुळीथ अख्खा असतो, कोरडा असतो आणि शंभर ग्रॅम असतो. आमची पिठी अशी कुठे होती? कुळीथ आधी खापरावर भाजायचा. भाजतानाचा वास मला आजही डोळे मिटून सांगता येईल: पहिल्यांदा धुळीचा, मग शेंगदाण्याजवळ जाणारा आणि शेवटी, अगदी करपायच्या आधीच्या क्षणाला, पहिल्या पावसानंतरच्या कातळाचा. मग जात्यावर भरडायचा, सुपात घेऊन साल पाखडायची आणि उरलेली डाळ पुन्हा दळायची. भाजण्याने फायदा होतो. कच्च्या कुळथात प्रथिनं पचवणाऱ्या पाचकरसाला अडवून धरणारी द्रव्यं असतात, ती उष्णतेने बरीच मोडतात. सालीत लोहाला अडवणारं टॅनिन असतं, तेही पाखडण्यात जातं. पण द्विदल धान्यांचं कॅल्शियम सालीत भरपूर असतं. त्याच जुन्या तक्त्यात अख्ख्या हरभऱ्याचं कॅल्शियम २०२ आहे आणि हरभऱ्याच्या डाळीचं फक्त ५६. म्हणजे आमच्या अंगणात सुपाच्या प्रत्येक हिसक्यासरशी ते जे उडायचं आणि गाईच्या घमेल्यात जायचं, त्यात आईच्या मांडीचं हाड थोडं थोडं उडत होतं की काय, असा एक भलताच विचार रात्री साडेबाराला माझ्या मनात आला. एका सुपाने हाड मोडत नाही, हे मलाही कळतं. पण रात्री साडेबाराला असे विचार येतात.

आणि तेही सोडा. एक वाटी पीठ आणि घरात खाणारी नऊ माणसं. वाटीला शंभर-सव्वाशे ग्रॅम पकडा, माणशी प्रथिनं अडीच-तीन ग्रॅम. आईच्या आजच्या वजनाच्या बाईला दिवसाला अडतीस ग्रॅम तरी हवीत, किलोमागे ०.८३ या हिशोबाने. भाताबरोबर पिठी गेली म्हणजे जोडी चांगली जमते, हे खरं. लायसिन आणि मेथिओनिन हे प्रथिनांचे घटक; भातात जे लायसिन कमी पडतं ते कुळथात असतं आणि कुळथात जे मेथिओनिन कमी ते भातात. पण जोडी जमली तरी वाटीतलं पीठ काही वाढत नाही. वाढतं ते पाणी.

पाण्याचं मला काकूने सांगितलं. काकू आता अंबरनाथला मुलाकडे असते, फोनवर मोठ्याने बोलते. मी आपलं सहज विचारलं, "काकू, आईला कुळीथ आवडत नाही हे तुला माहीत होतं?" ती आधी हसली. मग म्हणाली, "अगं, मलापण कुठं आवडतो? आम्ही दोघी खरी पिठी कधी खाल्ली? आधी पुरुष, मग तुम्ही पोरं, मग सासूबाई. शेवटी आम्ही बसायचो तोवर पातेल्याला नुसतं चिकटलेलं असायचं. त्यात गरम पाणी ओतून, मीठ टाकून, डावाने खरवडून घ्यायचो. तुझी आई त्याला गंगाजळ म्हणायची." परत हसली. "आणि तुझ्या वेळेला पाचव्या महिन्यात सासूबाईंनी तिचा कुळीथ बंद केला, उष्ण पडतो म्हणून. इतकी खूश झाली होती! मला आत बोलावून म्हणाली, सुटले."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ त्या "सुटले"चं काय करावं ते मला कळेना. ज्या महिन्यांत तिला लोहाची सगळ्यात जास्त गरज होती नेमके तेच महिने लोहाचं धान्य बंद, यावर संतापायचं, तर तिला तर सुटका वाटली होती. आणि त्या सुटकेच्या काळात तिच्या पोटात मी. संताप कुणावर करणार? आजीवर? आजी तीच पिठी खाऊन, तीच माणसं जेवू घालून, त्याच क्रमाने तिच्या सासूच्या मागून बसलेली. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बारा हंगाम खणलं, तेव्हा ताम्रपाषाणयुगातल्या घरांतून जे जळके दाणे निघाले त्यांत कुळीथही आहे. म्हणजे गेली तीन हजार वर्षं तरी या भागात कुणी ना कुणी संध्याकाळी कुळथातले खडे निवडत बसलेलं आहे. आमची आजी त्या रांगेत अगदी अलीकडची.

पण काकूच्या गंगाजळात काहीच नव्हतं, असंही म्हणवत नाही. उसळीचा कुळीथ शिजवला की त्याचं तांबूस पाणी वेगळं काढून त्याचं कळण करायचे, लसणीची फोडणी देऊन. ते बायकांच्या वाट्याला येई, कारण उसळ तोवर संपलेली असे. शिजवलेल्या पाण्यात उतरतात ती ब जीवनसत्त्वं, पोटॅशियम. प्रथिनं बहुतेक दाण्यातच राहतात. म्हणजे दाणे एका पंगतीला आणि पाणी दुसऱ्या. मुतखड्यावर हेच कळण लोक मोठ्या श्रद्धेने पितात. वाडीत कुणाची पाठ धरली की आईकडून तांब्याभर कळण जायचं. डॉक्टरही अशा माणसाला पाणी पी म्हणूनच सांगतात, आणि तांब्याभर कळण म्हणजे तांब्याभर पाणी तर झालंच. तर सांगायचं म्हणजे, आईच्या हातचं औषध म्हणून ते तीन घरं पलीकडे जायचं आणि आईला स्वतःला त्याचा वास नको असायचा.

एक गोष्ट मात्र ती मन लावून करायची. मोड आलेला कुळीथ निवडणं. कुळीथ रात्रभर भिजवून पंच्यात घट्ट बांधून ठेवला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पंच्याच्या विणीतून पांढरे मोड बाहेर डोकावायचे. पंचा सोडला की ऊबदार, हिरवट वास यायचा. मग ती परातीत दाणे पसरून एकेक चिमटीत दाबून बघायची. कुळथाची साल एवढी चिवट की काही दाण्यांत पाणी शिरतच नाही. बाकीचे फुगून मोडावर आलेले असतात आणि हे आपले तसेच, काल घातले तसे कोरडे ठणठणीत. त्यांना गणंग म्हणतात. उसळीत गणंग राहिला आणि दाताखाली आला की दात गेलाच. आजीचा एक असाच गेला होता, त्यानंतर आई फार जपायची. तिच्या बोटांना न बघता कळायचं. ट्रान्झिस्टरवर काहीतरी चाललेलं असायचं आणि परातीच्या कडेला गणंगांची छोटी ढिगोळी होत जायची. ते ती टाकून नाही द्यायची. परत पाण्यात घालायची. "येतील उद्या," म्हणायची. काही यायचे, काही नाहीच.

मोड येतात तेव्हा दाण्याच्या आत बरंच काही चाललेलं असतं. लोहाला आणि जस्ताला धरून ठेवणारं फायटेट असतं, ते दाण्यातलंच एक विकर, म्हणजे एन्झाइम, मोडायला लागतं, म्हणजे तेच लोह शरीराला जास्त सुटसुटीत मिळतं. कोरड्या दाण्यात क जीवनसत्त्व नावालाच असतं, ते मोडाबरोबर नव्याने तयार होतं, आणि वनस्पतीतल्या लोहाला अंगी लागायला तेच तर लागतं. पोटात वायू धरायला लावणाऱ्या शर्करा भिजवण्यात आणि मोड येण्यात कमी होतात. म्हणून त्या मुलीने कागदावर लिहून दिलं होतं: मोड आणून, वर लिंबू पिळून, आणि जेवणानंतर तासभर चहा नको. चहाची ओळ तिने दोनदा अधोरेखित केली होती. आईने घरी आल्यावर तो कागद देवाजवळच्या पंचांगात ठेवला. तिथे ठेवलेल्या गोष्टी परत निघत नाहीत.

मी उसळ केली. आईने दोन घास खाल्ले, "छान झालीय" म्हणाली आणि वाटी बाजूला ठेवली. मी पिठी केली, तिच्यासारखी नाही, दाट, खोबरं घालून, आणि सगळ्यात आधी तिला वाढली. आधी तिला वाढताना माझ्या मनात काय काय होतं ते मी सांगत नाही, मला जरा नाटकीच वाटतं आता. तिने ती दाट पिठी भातावर घेतली, कालवली, आणि म्हणाली, "केवढं पीठ घातलंस! एवढ्यात चौघं जेवली असती." तीन घास खाऊन बाकीचं पानात राहिलं. मी मनात काकूची सगळी गोष्ट जुळवून आणली होती, की तिला कुळीथ नकोसा नाही, तिला ते खरवडलेलं पाणी नकोसं. दाट पिठीने ती गोष्ट काही पुढे सरकली नाही. कदाचित तिला नाहीच आवडत. एखाद्या माणसाला एखादी गोष्ट नुसती आवडत नसेल, मागे काही इतिहास नसेल, हेही असू शकतं. पण मला ते पटवून घ्यायला वेळ लागला. मला त्यात अन्यायच हवा होता, आणि तो मिळाला की मी त्याच्यावर लिंबू पिळून तिला परत तीच पिठी खाऊ घालणार होते.

मधल्या काळात तिचं हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्यांनी वर आलं. दहाच्या पुढे गेलं. त्यात कुळथाचा हात नाही, गोळ्यांचाच आहे, हे मान्य करायला हवं. त्या गोळ्यांनी तिचं पोट बिघडायचं ते वेगळंच.

दिवाळीच्या आधी थालीपिठाची भाजणी केली. तांदूळ, बाजरी, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, जे घालतो ते सगळं, आणि तिच्या नकळत दोन मुठी कुळीथ भाजून, सालीसकट. किलोभर धान्यात दोन मुठी म्हणजे काहीच नाही, वासही येणार नाही अशी माझी खात्री होती. गिरणीवाल्यानेही विचारलं नाही. पहिलं थालीपीठ तव्यावरून उतरलं, मधल्या भोकात लोण्याचा गोळा ठेवून मी तिच्यापुढे ठेवलं. तिने एक कोपरा मोडला, तोंडाजवळ नेला आणि थांबली.

"कुळीथ घातलायस."

"थोडासाच."

"कळतंय ते."

ती खात राहिली. कडा कुरकुरीत झाल्या होत्या, त्या तिने आधी संपवल्या. मी लिंबाची फोड पुढे केली, तीही तिने निमूटपणे पिळली. अर्ध्यावर आल्यावर मधे एक रेघ ओढल्यासारखं थालीपीठ दुभंगलं, लोण्याकडचा अर्धा भाग उचलून माझ्या ताटात ठेवला. "तू खा. तुला आवडतो ना." मी नको म्हणेपर्यंत तिचा हात परत गेला होता.

मग तिने पेल्यातलं पाणी प्यायलं आणि चहा टाकायला सांगितला. मी म्हटलं, आई, तासाभराने. तिने घड्याळाकडे बघितलं, मग पंचांगाकडे.

"साखर कमी घाल हवं तर," ती म्हणाली.